आकडा चांगला, पण कशाच्या जोरावर?

नागपूर-हैदराबाद महामार्ग आदिलाबाद जिल्ह्यातून जातो, आणि बेला-जैनथच्या गावांतून मोटारसायकलींची शहराकडे सतत ये-जा असते. अपघात झाला की जखमीला आधी रिम्समध्ये नेतात. मार डोक्याला असला तर पुढे नागपूर किंवा हैदराबाद गाठावे लागते. मग आयसीयूच्या दाराबाहेर नातेवाईक बसून राहतात आणि आतून येणाऱ्याला एकच विचारतात, "कसा आहे पेशंट?"

उत्तर येते ते बहुधा आकड्यात. एक आकडा शुद्धीचा. १९७४ साली ग्लासगो शहरातल्या डॉक्टरांनी ही मोजणी सुरू केली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल पाहून ३ ते १५ गुण देतात. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे इजा गंभीर. दुसरा आकडा कवटीच्या आतल्या दाबाचा. मेंदू सुजतो, पण कवटी हाडाची, ती काही फुगत नाही. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा अडतो. हा दाब पाऱ्याच्या मापाने २२ मिलिमीटरच्या वर राहिला, तर तो उतरवण्याचे उपचार करावेत, असे २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

आता समजा, दोन पेशंट आहेत आणि दोघांचाही दाब १५ आहे. दोघे सारखेच बरे म्हणायचे का? उतारावर दोन बैलगाड्या उभ्या आहेत. एक आपसूक थांबलेली, दुसरीच्या चाकाखाली मोठमोठे दगड लावलेले. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. दगड काढले की खरे कळते.

हे दगड मोजायचे कोष्टक १९८७ साली अमेरिकेतल्या रिचमंड इथल्या डॉक्टरांनी मांडले. पुढे ते वाढवले गेले आणि आज त्यात जास्तीत जास्त ३८ गुण होतात. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली, १ गुण. झोपेचे औषध, मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचे सलाईन, मेंदूभोवतीचे पाणी काढणे, श्वासयंत्राचा वेग वाढवणे, अंग थंड ठेवणे, प्रत्येकाला मात्रेप्रमाणे गुण. सूज मावावी म्हणून कवटीचे हाड काढून ठेवले, तर ५ गुण. दिवसाची बेरीज केली की दाब कशाच्या जोरावर आटोक्यात आहे, ते दिसते. दाब तोच राहून गुण उतरत असतील तर मेंदू सावरतो आहे. दाब तोच पण गुण चढत असतील तर सावध राहावे.

वाचकहो, एक गैरसमज मात्र नको. जास्त गुण म्हणजे चांगला दवाखाना असे नाही. जबर औषधांना धोकेही असतात. दाब मोजायचे यंत्र सगळीकडे नसते, म्हणून खचूनही जाऊ नये. बोलिव्हिया आणि इक्वेडोर या देशांत ३२४ पेशंटवर एक अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचे उपचार यंत्र पाहून केले, निम्म्यांचे वारंवार तपासणी आणि सीटी स्कॅनवरून. निकालात ठळक फरक पडला नाही. दोन्हीकडे लक्ष मात्र डोळ्यांत तेल घालून ठेवले होते.

आपल्यावर अशी वेळ येऊ नये. पण आलीच, तर डॉक्टरांना नम्रपणे एवढे विचारावे: "कालच्यापेक्षा आज औषध वाढवावे लागले की कमी करता आले?" श्वासयंत्र, झोपेचे औषध, सलाईन, एकेकाचे नाव घेऊन विचारावे. उत्तर वहीत तारखेसह लिहून ठेवावे. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात हलवायची वेळ आली, तर कागदांबरोबर ही वहीही न्यावी. दारात बसलेल्या माणसाला धीर हवा असतो हे खरे. पण चार दिवसांचा चढउतार समोर असला, तर तो धीर नुसत्या आशेवर टांगलेला राहत नाही.