नोंदींचे कप्पे किती असावेत?

गेल्या पावसाळ्यात ओपीडीत एक मधुमेही आजोबा माझ्यासमोर वीस मिनिटे नुसते बसून होते. त्यांचा क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट संगणकावर उघडेना. मूत्रपिंडाची चाल कळल्याशिवाय मेटफॉर्मिनचा डोस वाढवायचा नव्हता. बाहेर रांग वाढत होती. ‘सर्व्हर स्लो आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

दोष सर्व्हरचा नव्हता. तपासण्यांच्या नोंदींचा तक्ता रोजचा एक कप्पा, म्हणजे पार्टिशन, असा विभागला होता. पाच वर्षांत १८०० च्या वर कप्पे झाले. ‘आजचे सगळे रिपोर्ट’ मागितले की एकच कप्पा उघडतो, काम झटक्यात होते. पण डॉक्टर तारीख घेऊन बसत नाही, रुग्ण घेऊन बसतो. नुसत्या रुग्ण क्रमांकावरून शोधायचे तर संगणकाला प्रत्येक कप्प्यात डोकवावे लागते.

रेकॉर्ड रूममधल्या जुन्या मंडळींना हे कळत होते. केसपेपर क्रमाने लावले की नवे सगळे शेवटच्या रॅकवर, आणि तिथेच सगळ्यांची झुंबड. म्हणून क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून कागद लावण्याची पद्धत आली. ०० ते ९९, कप्पे १००. ४७१८३६ चा कागद ३६ मध्ये. गर्दी आपोआप वाटली जाते.

मायएसक्यूएलमध्ये एका तक्त्याचे ८१९२ कप्पे करता येतात, असे मला अभिमानाने सांगण्यात आले. पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत चालते म्हणून आम्ही प्रत्येकाला ४ ग्रॅम लिहीत नाही!

महिन्याचा एक कप्पा केला तर दहा वर्षांत १२० होतात, आणि जुना महिना एका फटक्यात काढून टाकता येतो. हिशेबाच्या नोंदींना हे ठीक. आंतररुग्णांचे कागद किमान तीन वर्षे जपावेत, असा २००२ चा नियम आहे. पण मधुमेहात दहा वर्षांपूर्वीचा आकडाही मला हवा असतो. पुसण्याची सोय पाहून कप्पे ठरवू नयेत. तपासण्यांसाठी रुग्ण क्रमांकावरून ३२ कप्पे पुरेत, आणि प्रत्येकात तारखेची सूची. हे आधीच ठरवावे. नंतर संख्या बदलायची तर सगळ्या नोंदी नव्याने मांडाव्या लागतात.

कप्पे ठरवणाऱ्या बैठकीला लेखा विभाग होता, पुरवठादार होता, ओपीडीतले कोणीच नव्हते. पुढच्या बैठकीचे पत्र मी मागून घेतले आहे.

त्या आजोबांना शेवटी पुन्हा रक्त द्यायला पाठवले.