पापणीची शस्त्रक्रिया : हौस कीं गरज ?

उतारवयांत वरच्या पापणीची कातडी सैल होऊन डोळ्यावर उतरते. पोथी वाचतांना हनुवटी वर करावी लागते. भुंवया ताणून ताणून कपाळ दुखूं लागतें. अशा वेळीं घरांतील आजीबाईंनीं शस्त्रक्रियेची गोष्ट काढली, तर 'या वयांत हें नटणें कशाला ?' अशी थट्टा होते. ती आम्हांस रास्त वाटत नाहीं.

हा उपाय आपणांस अगदींच परका नव्हे. पापणीचे केस डोळ्यास टोंचूं लागल्यास पापणीवरील कातडीचा यवाच्या आकाराचा तुकडा काढून ती जागा केसानें शिवावी व वर मध-तूप लावावें, असें सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत सांगितलें आहे. युरोपांत 'ब्लेफरोप्लास्टी' हें नांव कार्ल फॉन ग्रेफे यांनीं १८१८ सालीं योजिलें.

प्रथम निदान व्हावें. कातडी सैल होणें निराळें व पापणी उचलणारा स्नायु दुबळा होणें निराळें. दोहोंची शस्त्रक्रियाहि निराळी. पापणी एकाएकीं पडली किंवा एकाचीं दोन दिसूं लागलीं, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. आमच्या डहाणू-तलासरीकडे पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्या माणसाच्या पापण्या सकाळीं मिटूं लागल्या, तर मण्यारीचा दंश मनांत आणावा. त्याची खूण पुष्कळदां दिसतहि नाहीं.

शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून एकदोन तासांत होते. छेद पापणीच्या घडींत असल्यानें व्रण झांकला जातो. टांके पांचसात दिवसांनीं काढतात. सूज व काळेंनिळेंपण दहापंधरा दिवस राहतें. पहिले दोन दिवस थंड पट्ट्या ठेवाव्या, उशी उंच घ्यावी, ओझें उचलूं नये, समुद्रावरील वारा व वाळू टाळावी. मधुमेह, रक्तदाब, डोळ्यांचा कोरडेपणा व रक्त पातळ करणारीं औषधें यांविषयीं डॉक्टरांस आधींच सांगावें. औषध मात्र आपल्या मनानें बंद करूं नये.

तीव्र वेदना, डोळा पुढें येणें किंवा दृष्टि मंदावणें, यांपैकीं कांहींहि झाल्यास घटकाभरहि दवडूं नये. आंत रक्त सांठून दृष्टि कायमची जाऊं शकते. म्हणून मुंबईस शस्त्रक्रिया करवून त्याच सायंकाळीं डहाणूची गाडी पकडूं नये. पहिली रात्र रुग्णालयाजवळच्या नातलगाकडे काढावी.

डोळ्यांकडेच्या सुरकुत्या व उतरलेली भुंवई यानें सुधारत नाहींत, हेंहि ध्यानांत ठेवावें. नेत्रवैद्याकडून दृष्टिक्षेत्र मोजून घ्यावें, म्हणजे हौस कीं गरज याचा निर्णय घरांतील थट्टेवर न राहतां मोजमापावर राहील.