शाळेची खबर, घरची खबर

माध्यमिक शाळेच्या पालकसभेत अलीकडे डोकावले, तर बाकांवर पांढरे केस बरेच दिसतात. आई-वडील नोकरीत गुंतलेले किंवा परगावी असतात आणि आठवी-नववीतल्या नातवंडाचे प्रगतिपुस्तक घ्यायला आजी किंवा आजोबा येतात. आपणही त्यांपैकी एक असाल. आरोग्याच्या सदरात शाळेचा विषय कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येईल. किशोरवयीन मुलाच्या दिवसाचा मोठा भाग शाळेत जातो. त्याच्या प्रकृतीत वा मनात पडलेला फरक पुष्कळदा प्रथम शिक्षकांच्या ध्यानात येतो, आणि त्या फरकाचे कारण मात्र अनेकदा घरात असते. या दोन ठिकाणची माहिती एकमेकांपर्यंत पोहोचली नाही, तर मधल्या मध्ये मुलाची आबाळ होते.

पालकसभेतील संभाषण साधारणपणे दोन वाक्यांत संपते. ‘ठीक आहे, अजून मेहनत हवी,’ हे एक, आणि ‘लक्ष देत नाही,’ हे दुसरे. ही दोन्ही वाक्ये खोटी नसतात, पण त्यांतून हाती काही लागत नाही. म्हणून आपण थोडे पुढे विचारावे. लक्ष देत नाही, म्हणजे नेमके काय होते? पहिल्या तासाला, की दुपारच्या सुट्टीनंतर? सगळ्या विषयांत, की फक्त गणितात? हे केव्हापासून जाणवते? वर्गात त्याला मित्र आहेत का? तो डबा कोणाबरोबर खातो? असे साधे प्रश्न विचारले, की शिक्षकांनाही बारीक गोष्टी आठवतात, आणि त्या बारीक गोष्टींतूनच अर्थ लागतो.

या अर्थाला आरोग्याच्या दृष्टीने केवढे मोल आहे पाहा. फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेणारा मुलगा आळशी नसून त्याला लांबचे अंधुक दिसत असेल. या वयात चष्म्याचा क्रमांक भराभर वाढू शकतो. बोलता बोलता काही सेकंद शून्यात पाहणारी आणि मग काहीच न घडल्यासारखी वही ओढणारी मुलगी स्वप्नाळू म्हणून हिणवली जाते. हा अपस्माराचा, म्हणजे फिट्सचा, एक सौम्य दिसणारा प्रकार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. सतत पाणी पिणारा, वारंवार लघवीला जाण्याची परवानगी मागणारा आणि वजन उतरत चाललेला विद्यार्थी तासाला कंटाळला आहे असे समजू नये. त्याच्या रक्तातील साखर तत्काळ तपासावी. लवकर थकणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वर्षे वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला होता. हुशारीने बोलणारे मूल लिहिताना अक्षरांत अडखळत असेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश असून, रीतसर प्रमाणपत्र मिळाल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. मात्र ही धावपळ दहावीच्या जानेवारीत सुरू करून उपयोग नाही. नववीतच शिक्षकांनी स्पष्ट बोलावे आणि घरानेही ते ऐकून घ्यावे.

मग शिक्षक स्पष्ट का बोलत नाहीत? एका वर्गात पन्नास-साठ मुले आणि वर शाळाबाह्य कामे, हे एक कारण आहेच. पण अनेक शिक्षकांच्या मनात आणखी एक भीती असते: आज हे सांगितले, तर संध्याकाळी या पोराला घरी मार बसेल. तो बसला, की मूल दुसऱ्या दिवशी त्या शिक्षकांपासूनही दुरावते. म्हणून शेरा मवाळ होतो. आपण शिक्षक असता, तर कदाचित आपणही तेच केले असते. याचा अर्थ असा, की शाळा किती खरे सांगणार हे बऱ्याच अंशी घर त्या खऱ्याचे काय करते यावर ठरते.

येथे आपल्या वयाचा उपयोग होतो. ‘बाई, जे असेल ते सांगा. घरी आरडाओरडा होणार नाही, हे मी पाहीन,’ असे आजोबांनी शांतपणे म्हटले, तर समोरचा माणूस मोकळा होतो. दिलेला हा शब्द मात्र पाळावा लागेल. मुलाला गुण कमी पडल्याचे त्याच्या वडिलांना कसे सांगायचे, हे घरी पोहोचण्यापूर्वी ठरवावे. जेवणाच्या ताटावर तर नकोच. त्याचप्रमाणे, नातवाच्या मायेपोटी शाळेचे बोलावणे सुनेपासून किंवा लेकापासून लपवून ठेवणे हाही त्या मुलावर अन्यायच आहे. आज झाकलेली गोष्ट वार्षिक परीक्षेनंतर बाहेर येते, तेव्हा उपाय करण्याची वेळ गेलेली असते.

आता दुसरी बाजू. शाळेने खरे सांगावे अशी अपेक्षा आपण करतो. पण घर शाळेला खरे सांगते का?

एक घर डोळ्यांपुढे आणा. आजीला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे. दिवसा मदतनीस बाई येते, रात्री मात्र नववीतली नात तिच्या खोलीत झोपते. कूस बदलून देणे, भांडे देणे, पाणी देणे यासाठी तिला रात्रीतून दोन-तीनदा उठावे लागते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. हिला पाच तासही सलग मिळत नाहीत. सकाळी ती उशिरा पोहोचते, तिसऱ्या तासाला डुलक्या घेते, गृहपाठ अपुरा राहतो. शाळेच्या दप्तरी नोंद होते ती ‘बेशिस्त’ अशी. घराने शाळेला काही सांगितलेले नसते, कारण घरातले दुखणे चव्हाट्यावर कशाला, असा संकोच असतो. मुलगीही बोलत नाही. आजीची तक्रार केल्यासारखे होईल, असे तिला वाटते.

अशा घरांत कोणाची चूक शोधत बसण्यात हशील नाही. वृद्धांची सेवा नातवंडांनी थोडीफार करावी, यात गैर काही नाही. त्यातून माणूस घडतो. परंतु ती सेवा झोप, अभ्यास आणि खेळ यांवर उठू लागली, की ती त्या वयाला पेलत नाही. शाळेला हे कळले, तर ती पुष्कळ काही करू शकते. पहिल्या तासाच्या उशिराबद्दल शिक्षा टळते, चुकलेली चाचणी पुन्हा घेता येते, एखादी मैत्रीण वह्या पोहोचवते, आणि बाई दिवसातून एकदा ‘आजी कशा आहेत?’ एवढे विचारतात. त्या एका प्रश्नाने मुलीचा अर्धा भार हलका होतो.

हा संकोच कोण मोडू शकते? मला वाटते, आजारी माणूसच. आपण स्वतः अंथरुणाला खिळलेले असाल किंवा आपले जिणे दुसऱ्याच्या आधारावर चालत असेल, तर घरच्यांना एकदा स्पष्ट म्हणावे: ‘माझ्या आजाराचे शाळेत सांगायला माझी हरकत नाही.’ आपल्या या परवानगीची वाट पाहत घरातले सारे गप्प असतात. आपण ओझे झालो आहोत ही बोच आपल्यापैकी अनेकांना असते. हे वाक्य बोलणे म्हणजे नातीच्या बाजूने उभे राहणे होय, आणि ते खाटेवरूनही करता येते. आपले आप्त स्मृतिभ्रंशामुळे अशी परवानगी देण्याच्या स्थितीत नसतील, तर त्यांची देखभाल करणाऱ्याने त्यांचा मान राखून हा निर्णय घ्यावा.

सांगायचे ते थोडक्यात सांगावे. वर्गशिक्षकांच्या नावे चार ओळींची चिठ्ठी पुरते: घरात कोण आजारी आहे, मुलावर कोणते काम पडते, ते साधारण किती दिवस चालेल आणि शाळेकडून कोणती सवलत हवी आहे. निदान, औषधे, घरातले वाद यांचा तपशील नको. ‘ही माहिती आपल्यापुरती व मुख्याध्यापकांपुरती ठेवावी,’ असे शेवटी लिहावे. हे सांगणार असल्याचे मुलाला आधी कळवावे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या पाठीमागे आपली चर्चा झालेली खपत नाही. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र यातले अक्षरही टाकू नये.

प्रत्यक्ष भेटीला जाताना काही गोष्टी सांभाळाव्यात. सभेच्या गर्दीत कमी ऐकू येणाऱ्याला अर्धेच कळते, म्हणून वेगळी वेळ मागून घ्यावी. चष्मा, श्रवणयंत्र आणि छोटी वही बरोबर असावी. मुख्य मुद्दे शिक्षकांकडून लिहून घ्यावेत आणि निघताना ‘म्हणजे आपण असे म्हणालात ना?’ असे एकदा पडताळून पाहावे. पुढची भेट केव्हा, हेही ठरवून यावे.

अशी भेट मागणे म्हणजे शाळेवर उपकार मागणे नव्हे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम २४ नुसार पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकांचे कर्तव्यच ठरवले आहे. त्याच कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करते. नववी-दहावीलाही हीच रीत असावी, अशी अपेक्षा आपण निःसंकोचपणे धरावी.

शाळेचेच चुकत असेल, म्हणजे मूल मारहाणीबद्दल वा अपमानाबद्दल सांगत असेल, तर त्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकावे, तारखेनिशी लिहून ठेवावे आणि मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावे व पोच घ्यावी. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. ‘जगण्यात अर्थ नाही’ अशा आशयाचे शब्द मुलाच्या तोंडी आले किंवा वहीत दिसले, तर पालकसभेची वाट पाहू नये. त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. अशा वेळी शिक्षकांना कळवण्यात लाज बाळगू नये, कारण शाळेच्या वेळात त्याच्यावर नजर ठेवणारे तेच असतात.

घरातल्या कर्त्या मंडळींनाही एक विनंती. ‘आजीला सांगू नका, तिचे बीपी वाढेल,’ म्हणून शाळेतली वाईट बातमी ज्येष्ठांपासून दडवली जाते. वयस्कर माणसाला घरातली कुजबुज आणि बंद होणारी दारे बरोबर कळतात, आणि अंदाज बांधत रात्र काढणे हे खऱ्या बातमीपेक्षा जड जाते. शांतपणे, बसवून, पूर्ण सांगावे. ज्यांनी आयुष्यात नापास होणे, नोकरी जाणे, आप्त जाणे पाहिले आहे, त्यांना गणितातले ३५ पेक्षा कमी गुण पेलता येतात.

या पंधरवड्यात एवढे करून पाहावे. नातवंडाचे दप्तर न उघडता, त्याच्या वर्गशिक्षकांचे नाव त्यालाच विचारावे आणि ते कसे शिकवतात हेही विचारावे. ते सांगताना त्याचा चेहरा कसा होतो, ते पाहावे. मग त्याच्या आई-वडिलांशी बोलून भेटीचा दिवस ठरवावा.