घाटाचा राजा ठरला, आता गुलमंडीच्या गल्लीतही बघा!

सकाळी साडेपाचला गुलमंडीत या एकदा. साड्यांच्या दुकानांची शटर्स खाली असतात, सुपारी हनुमानासमोर दोन-चार माणसं हात जोडून पुढे सरकतात आणि ज्या रस्त्यावर दुपारी गाडी तर सोडा, पायही टाकता येत नाही, तो रस्ता चक्क रिकामा असतो. त्या वेळी तिथून जे जातात ते बहुतेक सायकलवर. कॅरिअरवर पेपरचे गठ्ठे बांधलेला पोरगा, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले दूधवाले आणि पहिल्या शिफ्टच्या गाडीसाठी स्टॉपकडे निघालेला एखादा कामगार. तुम्ही आत्ता हातात धरलेलं हे पान कदाचित त्यातल्याच एकाच्या कॅरिअरवरून तुमच्या दारात पडलं असेल.

हे सगळं आठवायचं कारण, या वर्षी महाराष्ट्रात सायकलीचं भलतंच कौतुक झालं. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात 'बजाज पुणे ग्रँड टूर' झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या कॅलेंडरवरची, अनेक टप्प्यांची शर्यत, एकूण ४३७ किलोमीटर. एका टप्प्याचं नावच मुळशी-मावळवरून ठेवलेलं. हा सगळा भाग म्हणजे एका बाजूला सह्याद्रीचा कडा, दुसऱ्या बाजूला धरणाचं पाणी. टीव्हीवर बघताना 'हे आपलंच आहे का?' असं वाटावं इतकं देखणं. शर्यतीसाठी रस्ते नव्याने केले, खड्डे गेले. आमच्या ग्रुपवर तर 'दरवर्षी एक शर्यत आमच्याकडूनही जाऊ द्या, निदान रस्ते तरी होतील' हा जोक आठवडाभर फिरत होता.

शर्यत झाली ते चांगलंच झालं, उगाच नाक मुरडायचं नाही. पण कौतुक नेमकं कोणाचं झालं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाहीये.

तसं घाट चढणाऱ्याला मान देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यत तुमच्या आजोबांना नक्की माहीत असणार, विचारून बघा. खोपोली सोडली की बोरघाट सुरू. तो जो सगळ्यांत आधी चढेल तो 'घाटाचा राजा'. शर्यत कोणी का जिंकेना, घाटाच्या राजाचा रुबाब वेगळाच. फ्रान्सच्या टूरमध्ये डोंगरात भारी ठरणाऱ्याला लाल ठिपक्यांची जर्सी मिळते, ती १९७५ पासून. आपण जर्सी दिली नाही, सरळ राज्यच देऊन टाकलं!

गेल्या दहा-बारा वर्षांत तर महाराष्ट्राने सायकलिंगमध्ये जे केलंय ते खरंच मोठं आहे. नाशिकचे डॉक्टर भाऊ हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, साधारण ४,८०० किलोमीटर. पुढे २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत संपवली. त्याआधी एकाही भारतीयाला एकट्याने ते जमलं नव्हतं. आणि पुण्याची वेदांगी कुलकर्णी! २०१८ मध्ये, आपण ज्या वयात एटीकेटीच्या टेन्शनमध्ये असतो त्या वयात, ती १५९ दिवसांत जवळपास २९ हजार किलोमीटर सायकल चालवून जगाला फेरी मारून आली.

अशा माणसांचा परिणाम होतो. आपल्याकडेच बघा, रविवारी सकाळी दौलताबादच्या घाटात गेलात तर हेल्मेट आणि चकचकीत जर्सी घातलेले ग्रुप दिसतील. कोणी खुलताबादपर्यंत, कोणी थेट म्हैसमाळपर्यंत. कोणी हर्सूल तलावापर्यंत जाऊन, फोटो काढून परत. (तिसऱ्या गटात मी आहे. हसू नका.)

पण सोमवारी यातले किती जण सायकलवर कामाला जातात?

या देशात सायकल चालवणारा खरा माणूस रविवारचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती. एवढ्या घरांत ती छंद म्हणून नव्हती, पोट भरायला आणि शाळा गाठायला होती. आणि रस्त्यावर सगळ्यांत उघडा तोच असतो. केंद्राच्या रस्ते अपघात अहवालात वर्षाला चार हजारांहून जास्त सायकलस्वारांचे मृत्यू नोंदले जातात. त्यांच्यासाठी कोणी रस्ता मोकळा करत नाही, पुढे पायलट गाडी नसते. जर्सी नसते म्हणून ते आपल्याला दिसतही नाहीत बहुतेक.

गुलमंडीजवळच्या एका गल्लीत सायकल दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकान कसलं, एक फळी, पाण्याचं घमेलं, हवेचा पंप आणि भिंतीला लटकवलेल्या जुन्या ट्यूबा. या लेखासाठी मी तिथे दोन सकाळी बसले. चाचांना मी पुण्याच्या शर्यतीबद्दल विचारलं. त्यांनी मोबाइलवर थोडी पाहिली होती. म्हणाले, "बेटा, गाडी भारी थी उनकी. पण त्यांचं चाक आउट झालं की दुसरं चाक येतं. आपल्याकडे चाक आउट झालं की माणूस माझ्याकडे येतो."

आउट काढणं म्हणजे काय, हे मला तोपर्यंत नीट माहीत नव्हतं. चाक फिरवायचं, खडू धरायचा, जिथे रिम लागते तिथल्या तारा एका बाजूच्या सैल करायच्या, दुसऱ्या बाजूच्या आवळायच्या. पुन्हा फिरवायचं. त्यांना ते पाच मिनिटांत जमतं, मला पाऊण तासात जमलं नाही. पूर्वी त्यांच्याकडे भाड्याच्या सायकली होत्या, तासावर मिळायच्या. शाळेतली पोरं त्यावरच पडून-धडपडून शिकायची. त्यांच्या हिशेबाने अर्ध्या शहराला सायकल त्यांनीच शिकवली. हा हिशेब मी तपासलेला नाही, पण नाकारणारही नाही. आता दिवसाला चार-पाच पंक्चर, महिन्यात एखादं ओव्हरऑइल. मुलगा मोबाइल रिपेअरिंगमध्ये गेला. चाचांनंतर फळी बंद.

आणि इथेच मला मुद्दा दिसतो. सायकलिंगला हातभार म्हणजे फक्त किलोमीटर मोजायचे का? पंक्चर काढणारा नसेल तर दीड लाखाची सायकलही घाटात ढकलतच आणावी लागते.

सरकारी पातळीवरही एक गंमत आहे, आणि ती आपल्याच शहरातली. महाराष्ट्रातल्या मागास १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, तो मानव विकास कार्यक्रम. त्याचं आयुक्तालय कुठे आहे? इथेच, छत्रपती संभाजीनगरमध्ये. शाळा पाच किलोमीटरपर्यंत लांब आहे म्हणून सातवीनंतर घरी बसायची वेळ येऊ शकते, अशी मुलगी त्या सायकलमुळे दहावीपर्यंत पोचते. याचा उपयोग होतो का, हे बिहारमध्ये मोजून झालंय. तिथे २००६ मध्ये मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तर हायस्कूलमध्ये नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. मुला-मुलींतली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. सांगा, याहून मोठा घाट कोणी चढलाय? पण शहरातल्या किती कॉलेजांनी अशा एखाद्या मुलीला सायकल दिनाला, ३ जूनला, स्टेजवर बोलावलंय? आपण सेलिब्रिटी शोधतो. त्या मुली तर आपल्याच वर्गात बसलेल्या असतात, कन्नड, सोयगाव, फुलंब्रीकडून आलेल्या.

शहराने प्रयत्नच केले नाहीत असंही नाही. २०२० मध्ये, कोविडच्या काळात, केंद्राने सायकलीसाठी शहरांची स्पर्धा घेतली. शंभरावर शहरं उतरली, त्यात आपणही होतो. शेवटच्या ११ मध्ये महाराष्ट्रातून नागपूर आणि पिंपरी-चिंचवड गेले. आपल्याकडे त्या काळात सायकलींसाठी पट्टे मारले गेले, उद्घाटनाचे फोटो आले. त्यानंतर पट्ट्यावर काय उभं राहतं ते तुम्हाला माहीतच आहे. बहुतेक वेळा चारचाकी.

माझा एक मित्र म्हणतो, "तू उगाच भावनिक होतेस. चाचांना शाल-श्रीफळ देऊन काय होणार?" त्याचं अर्धं बरोबर आहे. नुसत्या सत्काराने काही होत नाही, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि फळी तशीच बंद होते. पण दखल म्हणजे सत्कारच कशाला? ॲम्स्टरडॅमने २०१६ मध्ये 'सायकल महापौर' नेमला. पगार-खुर्ची काही नाही, सायकलवाल्यांचं म्हणणं पालिकेपर्यंत नेणारा एक माणूस. ती कल्पना पुढे भारतातल्या शहरांतही आली. दखल म्हणजे गुलमंडीत पार्किंगची आखणी करताना दहा सायकलींची जागा सोडणं. दखल म्हणजे रस्ता रुंद करताना चाचांची फळी अतिक्रमण म्हणून उचलण्याआधी तिला दुसरा कोपरा देणं. कॉलेजच्या स्टँडमध्ये एक हवेचा पंप ठेवणं, आणि महिन्यातून एक दिवस त्यांना मानधन देऊन बोलावणं, की पोरांना पंक्चर काढायला शिकवा. यातलं शेवटचं तर आपल्याला कोणाच्या परवानगीशिवाय जमेल. एनएसएसचे तास भरायचेच असतात ना दरवर्षी?

हे शहर दुचाकीवर वाढलं. वाळूजला बजाजचा कारखाना १९८० च्या दशकात आला आणि स्कूटर घेणं म्हणजे घर वर आलं, असं ठरून गेलं. माझ्या घरातही तेच. बाबांनी सायकल विकून स्कूटर घेतली, तेव्हा आजीने पेढे वाटले होते. त्यामुळे कॉलेजला सायकलवर जाते म्हटलं की अजूनही शेजारच्या काकू हळूच विचारतात, "सगळं ठीक आहे ना घरी?" हा प्रश्न घाटापेक्षा चढायला अवघड आहे, खरं सांगते.

दुसऱ्या सकाळी निघताना मी चाचांना माझ्या सायकलचे पैसे विचारले. पुढच्या चाकाचा आउट त्यांनीच काढला होता, मी नुसता बिघडवला होता. त्यांनी तीस रुपये घेतले आणि चाक हाताने एकदा फिरवून दाखवलं. खडू कुठेच लागला नाही. म्हणाले, "आता म्हैसमाळ जा." मी म्हटलं, "आधी टीव्ही सेंटरपर्यंत तर पोचू द्या चाचा." फोटो काढू का विचारलं तर त्यांनी हात पुसले, टोपी सरळ केली आणि पाना हातात धरून उभे राहिले.