रागाला सरकारी कोटा चालतो, मग भीमगीताला का नाही?



शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागतो. १९५२ साली सुरू झाला, तेव्हापासून त्याचा थाट ठरलेला आहे. निवेदक आधी घराणं सांगतो, गुरूंची नावं सांगतो, राग सांगतो. मग तंबोरे ऐकू येतात. जोडीला वर्षातून एकदा संगीत संमेलन, आणि अधूनमधून ‘आपल्या संस्कृती’वर कुणा विद्वानाचं भाषण.

आम्ही हे ऐकतो आणि आवडीने ऐकतो. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या विषयावर तोंड उघडलं की ‘तुम्हाला शास्त्रीय संगीतातलं काय कळतं?’ हा दगड पहिला येतो. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. आमचं भांडण रागाशी नाहीच. रागाला माजघर आणि शाहिराला परसदार देणाऱ्या वाटणीशी आहे.

ही वाटणी आभाळातून पडलेली नाही. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. पुण्याचे गृहस्थ, स्वतः संगीत शिकलेले. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत. त्यांनी रेडिओवरची ही गाणी जवळजवळ बंद पाडली आणि तो वेळ शास्त्रीय संगीताला दिला. कलावंतांच्या परीक्षा घेऊन श्रेणी लावल्या. भारतीय संगीताची घसरण मुसलमान उस्तादांच्या हाती गेल्यामुळे झाली, असंही ते मांडत. त्याआधी, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच, तवायफ परंपरेतल्या गायिकांना ‘चारित्र्या’चं कारण देऊन रेडिओची दारं बंद केली गेली होती. ज्यांनी ठुमरी जिवंत ठेवली त्याच ठुमरीला अपात्र!

लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारला विविध भारती सुरू करावी लागली.

आता नीट बघा. श्रोत्यांची मागणी नसताना, बाजार उलट्या दिशेला जात असताना, सरकारने रागदारीसाठी तास राखून ठेवले, मानधन दिलं, ध्वनिमुद्रणं जपली. याला आमच्या भाषेत काय म्हणतात? आरक्षण म्हणतात. आणि आम्ही म्हणतो, दिलं ते बरंच केलं. बाजार जे जगवत नाही ते सरकारने जगवावं, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. फक्त मग ‘सुरांनाही कोटा हवा का?’ असं आम्हाला कुत्सितपणे विचारू नका. तो कोटा तुम्ही सत्तर वर्षं खाल्लेला आहे.

त्या सत्तर वर्षांत आमच्या वस्त्यांत काय गायलं जात होतं? भीमराव कर्डकांचे जलसे होते. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे आवाज होते. हे रेडिओवर अजिबात आलंच नाही असं नाही. मुंबई केंद्राच्या कामगार सभेत शाहिरांना जागा मिळाली. पण कुठल्या नावाखाली? ‘लोकसंगीत’. इथेच खरी मेख आहे. लोकसंगीत म्हटलं की कवी नसतो, साल नसतं, विचार नसतो. गाणं जणू शेतात आपोआप उगवलेलं. ख्यालगायकाला तीन पिढ्यांची वंशावळ, आणि जलशातला शाहीर मात्र ‘पारंपरिक’! जलसा तर पारंपरिक नव्हताच. परंपरेतला गण-गवळणीचा ढाचा उचलून त्यात परंपरेवरच हल्ला करणारी ती आधुनिक, सही असलेली कला होती. तिला ‘लोक’ म्हटलं की तिचा दात निघतो.

आमच्या शाहिरांचं जे उरलं ते वह्यांत, आणि पुढे जयंतीच्या मंडपाबाहेर विकल्या गेलेल्या कॅसेटमध्ये. कॅसेटच्या फिती आता चिकटू लागल्यात. रेडिओचा परवाना मात्र आमच्याही बापांनी पोस्टात पैसे भरून काढला होता.

(तबल्याची पुडी, वादी, मृदंगमचं कातडं कोण कमावतं, याबद्दल संमेलनातला निवेदक कधी बोलत नाही. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंगम बनवणाऱ्यांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे ती नावं छापली गेली.)

भाषणांचंही तेच. याच आकाशवाणीवरून ३ ऑक्टोबर १९५४ ला बाबासाहेबांनी आपलं तत्त्वज्ञान सांगितलं: स्वातंत्र्य, समता, बंधुता, आणि हे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतलं. तेही संस्कृतीवरचंच भाषण होतं. आज ‘संस्कृती’ म्हटल्यावर बोलवायच्या वक्त्यांच्या यादीत आंबेडकरी अभ्यासक १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडून कितीदा असतो?

प्रसार भारती कायदा १९९० चा. त्याच्या कलम १२ मध्ये सामाजिक न्यायाला चालना देणं आणि अस्पृश्यतेसारख्या अनिष्ट गोष्टींशी लढणं हे या संस्थेचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. तेव्हा निवेदनं, मोर्चे नंतर. आधी प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या केंद्राकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा: गेल्या वर्षी शास्त्रीय संगीताला किती मिनिटं, आंबेडकरी शाहिरीला किती, दोन्हींवर मानधनाचा खर्च किती, आणि संग्रहात वामनदादांची किती ध्वनिमुद्रणं शिल्लक आहेत. शुल्क दहा रुपये. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलं की आम्हाला पाठवा, केंद्राच्या नावासह छापू.