वाद पात्रांचा, सलोखा मुलांचा

आपल्या शाळांतून इतिहास अजूनही बहुतांशी ऐकवला जातो. त्यातील निर्णयाचा भार स्वतःच्या खांद्यावर घेऊन पाहण्याची संधी विद्यार्थ्याला क्वचितच मिळते. म्हणूनच शहरांतील तरुणांत रुजत असलेल्या एका खेळाकडे निवासी शाळांनी गांभीर्याने पाहावे, असे माझे मत आहे. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र स्वीकारतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपले पात्र काय करील हे खेळाडू ठरवतो आणि यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापासून हा प्रकार जगभर पसरला. त्यात राक्षस आणि भुयारे असतात. परंतु हीच पद्धत इतिहासालाही लावता येते.

या खेळातला सर्वांत अवघड क्षण शत्रूशी लढण्याचा नसतो. एकाच बाजूची दोन पात्रे परस्परांना भिडतात, तो खरा कसोटीचा क्षण. अशा वेळी अनेक सूत्रधार वाद दडपून टाकतात, तर काही जण तो मोकाट सोडतात. माझ्या मते दोन्ही मार्ग चुकीचे आहेत.

गडबहून महामार्गाने दक्षिणेला गेले की महाड लागते. तेथील १९२७ च्या डिसेंबरचा प्रसंग या खेळासाठी घ्यावा. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला होता. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रहाची हाक दिली गेली. परंतु १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम काढला. आपल्या परिसरातील धरमतरचा मार्ग जवळचा असूनही बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरले. कारण मोटारमालकांनी बहिष्कार टाकला, तरी तेथून महाडचे पाच मैल पायी जाता येणार होते. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर परिषदेपुढे प्रश्न उभा राहिला : मनाई हुकूम मोडून पाणी घ्यायचे, की सत्याग्रह तहकूब करायचा? अनेक प्रतिनिधी तत्काळ सत्याग्रहाच्या मताचे होते. अखेर तो तहकूब करण्याचे ठरले आणि तळ्याभोवती शांततेने मिरवणूक काढण्यात आली. न्यायालयीन लढा पुढे १७ मार्च १९३७ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला.

येथे खलनायक कोणीच नाही. घरदार सोडून आलेला तरुण 'आता माघार नाही' म्हणतो, तेही खरे. आणि 'सनातन्यांबरोबर सरकारलाही अंगावर घेऊ नये' म्हणणारा वडीलधाराही खरा. दोन रास्त मतांचा असा संघर्ष विद्यार्थ्याला जे शिकवील, ते सनावळी शिकवणार नाही.

मात्र त्यासाठी नियम आधी ठरले पाहिजेत. प्रत्येक पात्राला समान ध्येय द्यावे : सर्व जण पाण्याच्या हक्कासाठीच महाडला आलेले आहेत; मतभेद मार्गाचा आहे. हल्लेखोर आणि अधिकारी यांची भूमिका सूत्रधाराने स्वतःकडे ठेवावी. ती कोणत्याही मुलाच्या वाट्याला देऊ नये. वसतिगृहात भूमिका खेळाबरोबर संपत नाही. ती जेवणाच्या रांगेत आणि झोपण्याच्या खोलीतही मुलाच्या मागे जाते, टोपणनाव होऊन चिकटते. ज्यांच्या घरात या हल्ल्यांच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, त्या मुलांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. जातिवाचक अपशब्द पात्राच्या तोंडीही नकोत. आणि बाबासाहेबांची भूमिका कोणालाच देऊ नये. कारण ती घेणाऱ्यापुढे बाकीच्यांचा युक्तिवाद संपतो.

बोट वेळेवर पोहोचली का, हे फाशांनी ठरवावे. कोणाचे मत बदलले, हे मात्र फाशांनी कधीही ठरवू नये. ते ज्याचे त्यानेच सांगावे. 'माझे पात्र असेच वागते' ही सबब मान्य करू नये. पात्र काय करील हे खेळाडूच निवडतो आणि त्याची जबाबदारीही त्याचीच. दोघे एकमेकांना पात्राच्या नावाने हाक मारायचे सोडून खऱ्या नावाने बोलू लागले, की वाद मुलांमध्ये उतरला असे समजावे. त्या क्षणी खेळ थांबवावा आणि जे काही असेल ते समोरासमोर बोलून मिटवावे. उद्धट खेळाडूचे पात्र आजारी पाडून त्याला धडा शिकवणारा सूत्रधार न्याय करत नाही. तो सूड उगवतो.

निर्णय शेवटी सभेच्या पद्धतीने व्हावा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम बौद्ध भिक्खू संघाला ठाऊक होते. तो वारसा मुलांच्या हाती असा सहज येऊ शकतो.

परंतु मतदानात हरलेल्या पात्राचे काय? याचे उत्तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांनी कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव बहुमताने केला. सिद्धार्थाने त्यात सहभागी होण्यास नकार दिला, परिणाम स्वतःवर घेतला, कुटुंबाला शिक्षा नको अशी विनंती केली आणि परिव्रज्या पत्करली. मत सोडले नाही, संघाशी कपटही केले नाही. खेळातही हरलेल्याला बहुमताबरोबर राहण्याचा किंवा सन्मानाने बाजूला होण्याचा मार्ग खुला हवा. गुपचूप घात करण्याचा नको.

काही ज्येष्ठांना हे रुचणार नाही. चळवळीचा इतिहास मुलांपुढे एकजुटीचा म्हणूनच यावा, असे त्यांना वाटते. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण महाडची एकजूट वादाविना झालेली नव्हती. ती वाद ऐकून घेऊन, मग एका निर्णयाने एकत्र चालल्यामुळे झाली. मतभेद म्हणजे फितुरी असे मानण्याची सवय लागल्यामुळे आपल्या संघटनांची किती शकले झाली, हे वाचकांना सांगायला नको.

खेळ संपल्यावर प्रत्येकाने आपले खरे नाव उच्चारावे आणि विरोधी पात्राचा सर्वांत बिनतोड मुद्दा एका वाक्यात सांगावा. त्यानंतर प्रत्यक्ष इतिहास वाचून दाखवावा. मुलांचा निर्णय परिषदेहून वेगळा निघाला, तरी हरकत नाही. तो का वेगळा निघाला, यावर पुढचा तास घ्यावा. विरोधकाचा मुद्दा त्याच्याइतक्याच प्रामाणिकपणे मांडता येणे ही प्रज्ञा आणि तसे करूनही त्याच्या शेजारी जेवायला बसता येणे ही मैत्री. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना हा खेळ येतो, त्यांनी सुटीतले दोन दिवस आपल्या वसतिगृहाला द्यावेत, एवढीच विनंती.