डबा-चूल आणि धुराचें अनुमान

सुट्टी लागली कीं घरोघरचीं मुलें पाठीवर ओझें घेऊन सह्याद्रीच्या गडांवर मुक्कामास निघतात. ओझें हलकें असावें म्हणून कित्येक जण पत्र्याच्या दोन डब्यांची चूल घरींच तयार करितात. या चुलीचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हांस न्यायशास्त्रांतील तो प्रसिद्ध पर्वत आठवतो. पर्वतावरील धूर पाहून नैयायिक तेथें अग्नि असल्याचें अनुमान करितात; परंतु अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असें मात्र ते म्हणूं देत नाहींत. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, धूर नाहीं. धूर निघावयास ओल्या सरपणाचा संयोग लागतो. हाच त्या अनुमानांतील उपाधि.

रसायनशास्त्र येथें एक भर घालतें. लांकूड तापलें म्हणजे त्यांतून ज्वालाग्राही वायु निघतात. त्यांस पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर त्यांची ज्वाला होते. न मिळाली तर सुकें लांकूडही धुमसतें. तात्पर्य, धूर म्हणजे वायां गेलेलें सरपणच होय. आमच्या आजी-पणजींनी डोळे चोळीत फुंकणीनें जें काम केलें, तेंच या डब्याकडून आपोआप करवून घ्यावयाचें आहे.

यासाठीं लोखंडी पत्र्याचे एक मोठा व एक लहान असे दोन डबे घ्यावे. लहान डबा मोठ्यांत असा अडकवावा कीं दोहोंमध्यें चहूंकडून बोटभर पोकळी राहील, बुडाखालींही दोन बोटें जागा सुटेल, आणि ही पोकळी वरच्या कडेशीं मात्र बंद होईल. बाहेरच्या डब्यास खालच्या अंगास सभोंवार मोठीं भोंकें पाडावीं. आंतल्या डब्याच्या बुडास भोंकें असावीं, आणि वरच्या कडेच्या किंचित् खालीं बारीक भोंकांची एक ओळ असावी. खालून शिरलेली थोडी हवा सरपणास मिळते. उरलेली दोन पत्र्यांमधून तापत वर चढते व वरच्या भोंकांतून ज्वालेंत शिरून धूर जाळून टाकते. भांडें चुलीच्या तोंडावर घट्ट बसवूं नये. तीन खुंट्यांवर दोन बोटें उंच ठेवावें. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वर्ज्य समजावा, कारण तो तापला म्हणजे अपायकारक वाफा सोडतो. नव्या डब्यांत पहिला जाळ उघड्यावर, भांडें न ठेवतां करावा, म्हणजे आंतील रोगण जळून जाईल.

करंगळीहून बारीक अशा सुक्या काटक्या बोटभर लांबीच्या तोडून डब्यांत भराव्या व वरून पेटवाव्या, खालून नव्हे. ज्वाला हळूहळू खालीं उतरते, आणि खालून निघणारे वायु तिच्यांतूनच वर जात असल्यानें जळून जातात.

आतां थोडें गणित. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास ८० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो सुक्या लांकडांतून सुमारें ३,५०० मिळतात. म्हणजे अवघ्या २३ ग्रॅम काटक्या पुरावयास हव्या! उघड्यावरील तीन दगडांच्या चुलींत दहावा हिस्साच भांड्यास लागला, असें धरलें तर २३० ग्रॅम लागतील. डबा-चुलीनें चौथा हिस्सा पोंचविला तर ९२. दोघांच्या एका जेवणास पाव-अर्धा किलो काटक्यांत भागत असेल, तर रानांतील एक फांदीही न मोडतां सरपण घरूनच शिदोरीबरोबर नेतां येईल. आमच्या मतें या चुलीचा खरा गुण हा.

गृहिणींनीं मुलांबरोबर तुरीची डाळ देऊं नये. कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच. तेथें पाणी सुमारें ९५ अंशांवरच उकळतें आणि डाळ शिजावयास वेळ लागतो. तांदूळ व मुगाची डाळ अर्धा तास भिजवून खिचडी लावावी, झांकण ठेवावें, मधून मधून चार-चार काटक्या सोडाव्या, आणि शेवटीं भांडें जाड कापडांत गुंडाळून मुरूं द्यावें. भांड्यास बाहेरून ओल्या राखेचा लेप दिला असल्यास काजळी सहज निघते.

मात्र येथें एका हेत्वाभासापासून सावध राहावें. धूर नाहीं म्हणून भय नाहीं, हें अनुमान खोटें आहे. ज्वाला शमून निखारे उरले म्हणजे त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास ना रंग, ना वास. बंद तंबूंत निजलेल्या माणसाचा तो झोंपेंतच प्राण घेतो. थंडी कितीही असो, पाऊस कितीही असो, ही चूल तंबूंत किंवा गुहेंत कदापि नेऊं नये.

दुसरें भय वणव्याचें. उन्हाळ्यांत गडावरील गवत वाळून कोळ झालेलें असतें. एक ठिणगी पुरते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमान्वयें राखीव वनांत, वनाधिकाऱ्यानें मोकळीक दिलेल्या ऋतूंखेरीज, विस्तव पेटविणें वा नेणें हा अपराध आहे. म्हणून आधीं चौकशी करावी; परवानगी नसेल तेथें दशम्या खाव्या, नाहींतर पायथ्याच्या गांवीं कोणाच्या अंगणांत विचारून चूल मांडावी. उठतांना राखेवर पाणी ओतावें, ती हातास थंड लागेपर्यंत जागा सोडूं नये.

असो. मुलांस गडावर जाऊं द्यावें कीं नाहीं, असा प्रश्न अनेक घरांत पडतो. आम्ही म्हणतों, जाऊं द्यावें. पण आधीं ही चूल त्यांच्याकडून घरच्या अंगणांत दोनदां पेटवून व दोनदां विझवून घ्यावी. ज्यास विस्तव नीट विझवितां येतो, त्याच्याच हातीं काड्यांची पेटी द्यावी.